तोवुआतची चावी

वुनारिमा,
३ मे १९८७

मेल्की,

काल दुपारी कोकोच्या भट्टीवर होतो. पोरांनी रेडिओ लावला होता. निवेदकाने तुझं नाव घेतलं. म्हणाला, राबाऊलकडचा कलाकार, राजधानीत मोरेस्बीच्या गोदीत काम करतो, कुणाकडे न शिकता गिटार वाजवतो, पहिली कॅसेट येतेय. मी पोरांना म्हटलं, ऐका रे, आपला मेल्की, कामाला लागला एकदाचा. मग गाणं सुरू झालं आणि बिया परतायचं फावडं माझ्या हातात तसंच राहिलं.

ती मामाची चावी आहे.

गाणं माझं आहे, असं मला सांगू नकोस. गाणं कुणाचंही असो. गिटारची कुठली तार किती सैल सोडायची आणि कुठली किती ताणायची, ती जी चावी रेडिओवर वाजली, ती तोवुआतमामाची. गावागणिक बॅंडची चावी वेगळी असते आणि ती कुणी कुणाला दाखवत नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. मामा तर वाजवून झालं की गिटार खाली ठेवायच्या आधी सगळ्या तारा ढिल्या करायचा, कुणी उचलून बघू नये म्हणून. आणि आपल्यात जमीन, नारळ, नाव, चावी, जे काय असेल ते मामाकडून भाच्याकडे जातं. बापाकडून पोराकडे जात नाही. एवढं तुला पत्रातून शिकवायची वेळ यावी? मी त्याच्या बहिणीचा मुलगा. तू त्याचा नुसता मुलगा.

कुणाकडे न शिकता म्हणे. चोराला कोण शिकवतं?

कॅसेट थांबव. इथल्या दुकानात ती दिसली तर दुकानदाराचं आणि माझं भांडण होईल, आणि ते तुझ्यामुळे झालं असं मी सगळ्यांना सांगेन.

अपेलिस


पोर्ट मोरेस्बी,
१९ मे १९८७

अपेलिसदादा,

बाबा गेल्यापासूनचं तुझं हे पहिलं पत्र. माझी आई गेली तेव्हा दोन ओळी आल्या नाहीत, पण रेडिओवर माझं नाव ऐकल्याबरोबर तुला लिहायला हात आला. असो. रेडिओचे उपकार.

कसा शिकलो ते हवंय ना तुला? मग नीट ऐक, कारण या गोष्टीत तूही आहेस.

बाबा आणि त्यांचा बॅंड तालमीला बसायचे ते घर आठवतं? बांबूच्या तट्ट्याच्या भिंती, आणि मागे केळी. तू आत असायचास. भाचा ना तू. तुझ्या हातात ती छोटी चार तारांची युकुलेली द्यायचे आणि म्हणायचे, बस कोपऱ्यात. मी मुलगा, म्हणून बाहेर, केळीत. मुंग्या चावायच्या. हलायचीही सोय नव्हती, पानं वाजली की आतून कुणीतरी ओरडायचं. एकदा तू स्वतः बाहेर येऊन मला नारळाची करवंटी फेकून मारली होतीस. भुवईवर खूण आहे अजून. इथल्या पोरी विचारतात तेव्हा मी सांगतो, शार्क होता.

तेलाच्या डब्याला मी फळी ठोकली आणि मासे धरायच्या तंगुसाच्या तारा लावल्या. दिवसभर एकच तार खाली-वर करत बसायचो, ती आतल्या गिटारसारखी बोलेपर्यंत. बोलली की दुसरी. शाळा बुडाली. आई म्हणायची, तुझं डोकं त्या डब्यासारखं झालंय, रिकामं आणि आवाज करणारं. पावसाळे गेले त्यात. एकदा मी वाजवत असताना बाबा पाठीमागे येऊन उभे राहिले. किती वेळ उभे होते मला कळलं नाही. मग त्यांनी डबा उचलला, सगळ्या तारा एकेक करून ढिल्या केल्या, डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि निघून गेले. त्या दिवशी मला कळलं की मला बरोबर सापडलंय. चुकीचं असतं तर त्यांनी सोडायला कशाला हवं होतं?

मी रडलो आणि मग तारा परत लावल्या.

नंतरचंही ऐक. बाबांना मातीत देऊन आठवडा झाला नव्हता आणि तू आमची भांडी घराबाहेर ठेवलीस. रीतच आहे म्हणा, नवरा गेला की बाईने पोरं घेऊन आपल्या कुळाच्या जमिनीवर जायचं. घर तुझं. नारळ तुझे. त्यांची गिटारही तुझी. तू यादी विसरला नाहीस. मी इथे आलो. गोदीत पोती उचलली. खलाशांच्या खानावळीत एक गिटार होती, तिला एक तार कमी. तिच्यावर वाजवलं. मग इथल्या कोकी नावाच्या बाजारात, मासेवाल्यांच्या शेजारी. तिथे कॅसेटी काढणाऱ्या हेन्रीने ऐकलं, स्टुडिओत नेलं आणि पहिल्या गाण्यानंतर काच ठोकून म्हणाला, हे तू कुणाकडे शिकलास? मी म्हटलं, कुणाकडे नाही. खोटं काय बोललो? दारातून एकही माणूस मला आत घेत नव्हता.

आता तुझं. चोर म्हणतोस तर पुरावा दे. लिही, कुठली तार कुठे लावायची. माझ्याशी जुळली तर मी चोर.

मेल्की


वुनारिमा,
२ जून १९८७

मेल्की,

चावी पत्रात लिहू? टपालाच्या पिशवीतून पाठवू? पोस्टातला कारकून वाचेल, विमानातला वाचेल, तू तर वाचशीलच. शहरात राहून तुझी बुद्धी पातळ झालीय.

तुझी युक्ती मला कळली. मी लिहिली की तुला आयतीच मिळाली, नाही लिहिली की मी खोटा. हे डाव गोदीत शिकलास का?

मी तुझ्याशी बोलणार नाही. तुझ्या हेन्रीला लिहिलं आहे. त्याच्या कॅसेटी कुठे खपतात ते त्याला ठाऊक आहे.

अपेलिस


पोर्ट मोरेस्बी,
२८ जून १९८७

अपेलिस,

दादा म्हणायचं आजपासून बंद.

हेन्रीने कॅसेट थांबवली. खोकी तयार होती. कव्हर छापून आलं होतं, माझा फोटो, खाली माझं नाव आणि त्याखाली ‘तोवुआतची चावी’. ते माझ्या सांगण्यावरून छापलं होतं. त्याने खोक्यांना पट्टी मारली आणि कोपऱ्यात सरकवली. म्हणाला, मेल्की, तुझी कॅसेट घेणार तुमच्या राबाऊलकडची माणसं. त्यांच्यातल्या एका कुळाशी भांडण घेऊन मी माझं दुकान जाळून घेऊ? त्या माणसाची सही आण. ही चावी वाजवायला आमची हरकत नाही, एवढं त्याने लिहून दिलं की पट्टी काढतो.

मी गोदीतली नोकरी सोडली होती. मुकादमाला तोंडावर सांगून आलो होतो की आता माझं नाव रेडिओवर ऐक. तो आता मला रस्त्यात भेटला की कानाला हात लावून विचारतो, कधी ऐकायचं?

हे तू केलंस. बरं वाटलं असेल.

पण गेल्या आठवड्यात तुमच्या शेजारचा विल्सन इथे आला होता. तुझ्या बॅंडची चौकशी केली. तो म्हणाला, चांगला आहे, लग्नाकार्याला बोलावतात. कुठली चावी वाजवतात, विचारलं. म्हणाला, ती आपली नेहमीची, मिशनच्या शाळेत शिकवतात ती. मी परत विचारलं. तोवुआतची नाही? तर हसला. म्हणाला, तोवुआतची चावी तोवुआत गेल्यावर कुणी ऐकलीय?

तेव्हापासून मी विचार करतोय. बाबांच्या स्मरणाच्या जेवणावळीत, डुकरं कापली, सगळी गावं आली, त्या दिवशी तू त्यांची गिटार घेऊन उभा राहिलास आणि शाळेची चावी वाजवलीस. का? ज्याच्या तिजोरीत चावी आहे तो त्या दिवशी तरी काढेल ना बाहेर?

तुझ्याकडे ती नाहीच आहे.

मेल्की


वुनारिमा,
२३ ऑगस्ट १९८७

मेल्की,

उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. तुझं पत्र चुलीत टाकलं, पण वाचून टाकलं, ही चूक झाली.

नाही. माझ्याकडे नाही.

आता हस. मनसोक्त हस, आणि मग पुढचं वाच.

चावी घ्यायची तर भाच्याने डुक्कर आणि सुपारीची करंडी घेऊन मामाच्या अंगणात जायचं असतं. पण आपणहून जाणारा हावरट दिसतो. मामाने एकदा तरी हाक मारावी, मग जावं, असं मी धरून बसलो. आणि मामा धरून बसला की भाच्याला खरंच हवी असेल तर तो डुक्कर घेऊन येईल. मी डुक्कर पाळलं होतं. दोनदा पाळलं. पहिलं म्हातारं झालं म्हणून कापलं. दुसरं कुंपणात होतं तेव्हा मामा कोकोच्या मळ्यात वाकला तो उठला नाही. ते डुक्कर त्याच्याच जेवणावळीत वाढलं. तुझं पान मीच वाढलं होतं. खाल्लंस तू.

त्याची गिटार माझ्याकडे आली ती सगळ्या तारा ढिल्या. तू सांगितलंस ना, डबा मांडीवर ठेवून गेला. माझ्या मांडीवरही त्याने तेच ठेवलं. फरक एवढाच की तू केळीत बसून ऐकलंस आणि मी आत बसून युकुलेली बडवत होतो, आणि मला वाटत होतं घाई काय आहे, हे माझंच आहे.

पण ऐक. माझ्याकडे नाही म्हणून ती तुझी होत नाही. हरवलेली गाय ज्याला सापडली त्याची होत नाही. ती कुळाची आहे. आणि कुळात अजून माझी आई आहे, त्याची सख्खी बहीण. तालमीच्या घरात सुपारी आणि पाणी तीच द्यायची, अख्खा जन्म तिने ते ऐकलंय. रेडिओ तिच्या कानी पडला नाही. तुझी एक कॅसेट पाठव. ती ऐकेल. तिने म्हटलं ही माझ्या भावाची, तर तुला इथे येऊन पंचांसमोर कुळाच्या पाया पडावं लागेल, डुक्कर द्यावं लागेल, आणि ती चावी मला शिकवावी लागेल. मग सही करीन.

अपेलिस


पोर्ट मोरेस्बी,
५ सप्टेंबर १९८७

अपेलिस,

विल्सन परत इथे आलाय, कॅसेट त्याच्याबरोबर पाठवतोय. खोक्यातून काढली, हेन्रीला न विचारता.

तुझी अट मान्य. पाया पडेन. डुक्कर देईन, तुझ्यापेक्षा लठ्ठ. शिकवीनही. तू पुढ्यात बसशील आणि मी सांगेन, ही तार जरा सोड, नाही नाही, एवढी नको, अपेलिस, कान आहेत की करवंट्या? मुद्दाम हळूहळू शिकवीन. भाच्याला मुलाकडून शिकावं लागेल, आणि तेही सगळ्या गावासमोर. त्या दिवसासाठी मी समुद्र पोहून येईन.

आत्याला सांग, पहिल्या बाजूचं दुसरं गाणं आधी लाव. त्यात बाबा सगळ्यात स्वच्छ ऐकू येतात. वरच्या तारा बोलतात आणि खालच्या मागून उत्तर देतात, ते ऐकताना मला तट्ट्याची भिंत दिसते. ते मी शोधलं, कुणी दिलं नाही. आत्या रडेल. तिला पाणी दे.

मेल्की


वुनारिमा,
२७ सप्टेंबर १९८७

मेल्की,

धर्मशिक्षकाचा टेपरेकॉर्डर मागून आणला. आईला ओट्यावर बसवलं. तू सांगितलंस तेच गाणं लावलं. तिने चुन्याची डबी खाली ठेवली. मला वाटलं, आता रडते.

गाणं संपलं. म्हणाली, “गोड वाजवतो गं बाई. कुणाचा पोरगा?”

मी म्हटलं, “आई, तुझ्या भावाचा. मेल्की.”

म्हणाली, “हो? मग भावाचं का नाही वाजवत?”

मी परत लावलं. म्हटलं, नीट ऐक, ही मामाची चावी आहे. तिने माझ्याकडे असं बघितलं जसं मी तिला बटाटा दाखवून रताळं म्हणतोय. म्हणाली, “अरे, तोवुआतची तिसरी तार घरघरायची. मांजरासारखी. तो ती इतकी सैल सोडायचा की ती लाकडाला लागायची. ही कुठे घरघरते? ही तर किती स्वच्छ आहे.”

मी म्हटलं, पण खालच्या तारा उत्तर देतात ना, ते तर मामाचंच.

“ते तोगाला,” आई म्हणाली.

तोगाला आठवतो? लंगडा, मागे बसायचा, तू आणि मी त्याला नुसता ताल ठोकणारा समजायचो. आई म्हणते, वरचं तोवुआत वाजवायचा, खालचं तोगाला, दोघांच्या गिटारी वेगळ्या लावलेल्या, आणि दोघांनी मिळून असं ठेवलं होतं की ऐकणाऱ्याला एकच माणूस वाटावा. तीच त्यांची चावी होती. एका गिटारीत ती नव्हतीच. भिंतीबाहेर बसून तुला एक माणूस ऐकू आला आणि आत बसून मला काहीच ऐकू आलं नाही. तू दोन माणसांचं काम एका डब्यावर बसवलंस. त्यासाठी तुला तारा अशा लावाव्या लागल्या जशा त्या दोघांपैकी कुणीच लावल्या नव्हत्या.

मी तोगालाच्या घरी गेलो. तो गेल्या वर्षीच वारला, तुला कुणी कळवलं नसेल. त्याच्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, वाजवून झालं की तोही तारा सोडून ठेवायचा.

आईला म्हटलं, तिसरी तार घरघरायची तर किती सैल, दाखव. मामाची गिटार दिली तिच्या हातात. तिने खुंटी पिळली, सोडली, परत पिळली आणि म्हणाली, मला आवाज येतो रे, हाताला येत नाही.

तेव्हा सोबतचा कागद घे. त्यात लिहिलंय की ही चावी आमच्या कुळाची नाही, तोवुआतशी तिचा काही संबंध नाही, ती मेल्कीची स्वतःची आहे आणि त्याने कुठेही वाजवावी. सही माझी आणि अंगठा आईचा. हेन्रीला दाखव. पाया पडायला येऊ नकोस, डुक्कर नको, तुला माझं काही देणं नाही. कव्हरवरचं मामाचं नाव मात्र काढ. ते खोटं आहे.

जिंकलास. मी तुला चोर म्हणत होतो तेव्हा निदान चोरायला काहीतरी उरलंय असं आपल्या दोघांना वाटत होतं.

अपेलिस


पोर्ट मोरेस्बी,
१४ नोव्हेंबर १९८७

अपेलिस,

तुझा कागद हेन्रीला दिला. त्याने पट्टी काढली. बाबांचं नाव त्याच्या पोरींनी काळ्या शाईने एकेका कव्हरवर खोडलं. मी समोर बसून बघत होतो. खोकी बोटीवर गेली. कॅसेट खपतेय, तुमच्याकडेही आली असेल. रेडिओवर रोज असते. निवेदक म्हणतो, याची चावी कुणासारखीच नाही, ही याने स्वतः शोधली. लोक हात मिळवतात. मुकादमाने परवा सुपारी दिली.

आत्या खोटं बोलत नाही, हे मला माहीत आहे. मी ते दुसरं गाणं परत ऐकलं. घरघर नाहीये. कितीही ऐकलं तरी नाहीये. एवढी वर्षं मी ज्यांच्याशी बोलत होतो ते तिथे नव्हतेच. त्यांनी डब्याच्या तारा का सोडल्या, तेही आता मला कळत नाही.

तुझा कागद चांगला आहे. त्यातला शब्दन् शब्द खरा आहे, आणि तू मला आजवर जेवढ्या शिव्या दिल्यास त्यातली एकही मला एवढी लागली नाही.

म्हणून एक काम कर. तू माझं कधी काही केलं नाहीस, हे कर. कॅसेट वाजेल तिथे जा. भट्टीवर, दुकानात, लग्नात. आणि सगळ्यांना सांग की या मेल्कीने आपल्या बापाची चावी चोरली. पहिल्या पत्रात सांगितलंस तसं सांग, तितक्याच रागाने. कुणी मला विचारलं तर मी हो म्हणेन.

मेल्की